लिनक्स लॅपटॉप: वायफाय जोडलेलं दिसतं, तरी नेट मधेच बंद पडतं

कोरीपाटी

नमस्कार मंडळी. तीन आठवडे एकाच गोष्टीने जेरीस आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लॅपटॉप चार वर्षांपूर्वीचा, त्यावर डेबियन कुळातलं लिनक्स. वायफाय कार्ड इंटेलचं, आतच बसवलेलं. वायफाय व्यवस्थित जोडलं जातं, काम सुरू होतं, आणि मग मधेच नेट थांबतं. कधी पाच मिनिटांनी, कधी पाऊण तासाने. वरच्या पट्टीतलं चिन्ह एखाद-दोन सेकंद गोल फिरतं, परत पूर्ण रेंज दाखवतं, पण एकही पान उघडत नाही. वायफाय बंद करून चालू केलं की पुन्हा सुरळीत. फोन त्याच टेबलावर, त्याच राउटरला जोडलेला असतो, त्याला कधीच काही होत नाही.

माझं सगळं काम घरून चालतं. काल एका महत्त्वाच्या कॉलमध्ये चार वेळा बाहेर फेकला गेलो.

आतापर्यंत केलेलं: राउटर बंद-चालू केला. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदींत) फर्मवेअरची (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामची) फाइल सापडली नाही, एरर -२, अशा लाल ओळी दिसल्या म्हणून फर्मवेअरचं पॅकेज काढून परत टाकलं. डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारा) बदलून ८.८.८.८ केला. मॉडप्रोबच्या (ड्रायव्हरच्या सेटिंगच्या) फोल्डरमध्ये ११एन_डिसेबल=१ अशी एक ओळ टाकली. पॉवर सेव्ह (कार्डाची वीज वाचवायची सोय) बंद करायची आज्ञाही दिली. आणखी एक-दोन गोष्टी केल्या होत्या, त्या आता नीट आठवत नाहीत. फरक शून्य.

कार्डच बदलून टाकावं का?

आडवाट

पॉवर सेव्ह. लॅपटॉपवर वायफाय मधेच थांबतं म्हणजे बहुतेक वेळा तेच असतं. तुम्ही आज्ञा दिली असेल, पण ती टिकली का ते बघा:

आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी३एस० गेट पॉवर_सेव्ह

ऑन दिसलं तर बंद झालेलंच नाही. तुमच्याकडे इंटरफेसचं नाव वेगळं असेल तर ते घाला.

सुतारपक्षी

कार्ड बदलू नका. निदान आज तरी नको.

एक विनंती आहे. पुढच्या वेळी नेट थांबेल तेव्हा वायफाय बंद-चालू करू नका, दोन मिनिटं कळ काढा. बंद-चालू केलं की नेमका पुरावा पुसला जातो आणि आपण पुन्हा अंदाजावर येतो. तीन आठवड्यांत तुम्ही पाच-सहा उपाय केलेत, पण प्रत्येक उपाय वेगळ्या दुखण्यावरचा आहे. डीएनएसचा उपाय नावं सापडत नसतील तेव्हाचा, फर्मवेअरचा उपाय कार्ड उठतच नसेल तेव्हाचा. तुमचं कार्ड तर उठतंय, जोडलंही जातंय. म्हणजे कार्ड कर्नलला दिसणं, ड्रायव्हर लागणं, रेडिओ अडवलेला नसणं, या पायऱ्या तुम्ही केव्हाच ओलांडल्यात. नंतरची कुठली पायरी निसटते एवढंच बघायचंय.

त्या एरर -२ च्या ओळींनी जिवाला घोर लावून घेऊ नका. इंटेलच्या कार्डाचा ड्रायव्हर म्हणजे आयडब्ल्यूएलवायफाय. तो आधी त्याला माहीत असलेली सगळ्यात नवी फर्मवेअर फाइल मागतो. ती नसेल तर -२ लिहितो (-२ म्हणजे फक्त 'अशी फाइल नाही') आणि एक क्रमांक खाली येऊन पुन्हा मागतो. त्याच ओळींच्या थोडं खाली 'लोडेड फर्मवेअर व्हर्जन' अशी ओळ असेल तर फर्मवेअर मिळालेलं आहे. लाल रंगाने दिसतं म्हणून ते सगळ्यांना घाबरवतं, बाकी काही नाही.

आता नेट थांबल्यावर करायचं ते. टर्मिनल आधीच उघडून ठेवा.

पहिलं, आयपी अॅड्रेस ही आज्ञा. वायफायच्या इंटरफेसला पत्ता आहे का बघा. १९२.१६८ किंवा १० ने सुरू होणारा पत्ता असेल तर ठीक. १६९.२५४ ने सुरू होणारा असेल तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि मशीनने स्वतःच एक लावून घेतला, असा अर्थ.

दुसरं, आयपी राउट. डीफॉल्ट शब्दाने सुरू होणारी ओळ एकच आहे का, आणि ती वायफायच्याच इंटरफेसवरून जाते का. ओळी दोन असतील तर दोन्ही इथे लिहा.

तिसरं, डीफॉल्टच्या ओळीत राउटरचा जो पत्ता दिसेल त्याला पिंग (उत्तर येतं का ते बघणारी छोटी हाक). मग १.१.१.१ ला पिंग. मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग. तिन्ही याच क्रमाने. राउटरपर्यंतच पिंग जात नसेल तर दुखणं तुमच्या आणि राउटरच्या मधल्या हवेत किंवा लॅपटॉपच्या आत आहे, डीएनएसचा त्यात काडीचाही संबंध नाही. राउटरला जातं पण १.१.१.१ ला जात नाही, तर राउटरच्या पलीकडचं काही. आकड्याला जातं आणि नावाला जात नाही, तरच डीएनएस.

चौथं, आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी३एस० लिंक. यात सिग्नल आणि वेग दिसतो.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं:

जर्नलसीटीएल -बी -यू डब्ल्यूपीए_सप्लिकंट -यू नेटवर्कमॅनेजर

यातल्या नेट थांबलं त्या मिनिटाच्या ओळी. (सप्लिकंट वायफाय जोडून देतो, नेटवर्कमॅनेजर त्याच्याकडून ते करून घेतो.) वेळ लिहून ठेवा, नाहीतर हजार ओळींत हरवाल. ओळी इथे टाकताना नेटवर्कचं नाव आणि राउटरचा हार्डवेअर पत्ता खोडा, त्यांची आम्हाला गरज नाही.

कोरीपाटी

आज तीनदा झालं. तिसऱ्या वेळी हाताला आवर घातला आणि सगळं उतरवून घेतलं.

पत्ता आहे, १९२.१६८.१.२३. डीफॉल्टची ओळ एकच, वायफायवरूनच. राउटरला पिंग केलं तर 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. पुढचे दोन्ही पिंग अर्थातच गेले नाहीत. म्हणजे डीएनएस नाही, एवढं मलाही कळलं.

आयडब्ल्यू लिंक म्हणतं की जोडलेलं आहे. सिग्नल -५१ डीबीएम. टीएक्स बिटरेट ५४.० मेगाबिट.

लॉगमधल्या त्या मिनिटाच्या ओळी:

११:४२:०७ डब्ल्यूपीए_सप्लिकंट: डब्ल्यूएलपी३एस०: सीटीआरएल-इव्हेंट-डिस्कनेक्टेड रीझन=३ लोकली_जनरेटेड=१

११:४२:०७ नेटवर्कमॅनेजर: सप्लिकंट इंटरफेस स्टेट: कम्प्लीटेड -> डिस्कनेक्टेड

११:४२:०८ नेटवर्कमॅनेजर: सप्लिकंट इंटरफेस स्टेट: डिस्कनेक्टेड -> स्कॅनिंग

त्यानंतर काही सेकंदांनी पुन्हा ऑथेंटिकेटिंग, असोसिएटिंग, कम्प्लीटेड. असं जोडीने दोनदा. पॉवर सेव्ह ऑन दाखवतंय, आडवाट यांचं बरोबर होतं, माझी आज्ञा टिकलेली नाही.

सुतारपक्षी

छान उतरवलंत. आता पहिली ओळ नीट वाचू, कारण आपल्याला हवं ते त्या एका ओळीत आहे.

वायफायवर कोणीही संबंध तोडताना कारणाचा क्रमांक देतो. तो क्रमांक मानकात ठरलेला असतो, कंपनीगणिक बदलत नाही. रीझन=१५ असता तर पासवर्डनंतरची चार टप्प्यांची ओळखपरेड वेळेत पुरी झाली नाही असा अर्थ; चुकीच्या पासवर्डचं हे नेहमीचं लक्षण. रीझन=४ असता तर राउटर म्हणतोय, बराच वेळ तुझी हालचाल नाही म्हणून नाव काढलं. ६ किंवा ७ म्हणजे जोडलेलं नसतानाच कोणीतरी पाकिटं पाठवली. तुमचा ३ आहे, म्हणजे 'मी स्वतः निघालो'.

त्याच्या पुढचा शब्द बघा. लोकली_जनरेटेड=१. तोडलं ते राउटरने नाही, हवेतल्या अडथळ्याने नाही, तुमच्या लॅपटॉपनेच. -५१ हा सिग्नल उत्तम आहे. -६७ पर्यंत व्हिडिओ कॉल आरामात चालतात, -८० च्या खाली गेला की तारांबळ. राउटरला यात दोष नाही, फोन नीट चालतो तो त्यामुळेच.

मग लॅपटॉपमध्ये कोणी सांगितलं निघायला? नेटवर्कमॅनेजरने सांगितलं असतं तर त्याच्या ओळींत आधी तसं दिसलं असतं. इथे तो आश्चर्याने कळवतोय की सप्लिकंट सुटला. म्हणजे तिसरा कोणीतरी त्याच कार्डाला हुकूम देतोय असा मला दाट संशय आहे. तुम्ही म्हणालात ना, आणखी एक-दोन गोष्टी केल्या होत्या? त्याच शोधू.

सिस्टिमसीटीएल लिस्ट-युनिट्स --टाइप=सर्व्हिस --स्टेट=रनिंग

या यादीत नेटवर्कमॅनेजर आणि डब्ल्यूपीए_सप्लिकंट यांच्याशिवाय आयडब्ल्यूडी, कॉनमॅन, डीएचसीपीसीडी, सिस्टिमडी-नेटवर्कडी यांपैकी काही दिसतंय का सांगा.

तुमच्या ५४.० कडेही नंतर येऊ. तोही एक सुगावा आहे.

निळीशाई

मधेच येतेय, माफ करा. माझं तर वायफायच नाहीसं झालंय. यूएसबी डाँगल आहे, त्याचा ड्रायव्हर मी वर्षभरापूर्वी इंटरनेटवरून सोर्स आणून डीकेएमएसने (दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधणाऱ्या प्रोग्रामने) बसवला होता. परवा कर्नल अपडेट झाला आणि तेव्हापासून सेटिंगमध्ये 'वायफाय अडॅप्टर सापडला नाही'. आरएफकिल लिस्टमध्ये (कुठला रेडिओ अडवलाय ते दाखवणाऱ्या यादीत) ब्लूटूथ दिसतं, वायफायची ओळच नाही. कोरीपाटी यांच्यासारखंच पिंग वगैरे करू का?

आडवाट

नाही, तुमची पायरी फार आधीची आहे. आरएफकिलमध्ये ओळ असती आणि सॉफ्ट ब्लॉक्ड 'येस' असतं तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय एवढ्याने सुटलं असतं. हार्ड ब्लॉक्ड 'येस' असतं तर लॅपटॉपवरचं बटण किंवा एफएनची कळ बघायला सांगितलं असतं. ओळच नाही म्हणजे ड्रायव्हर लागलेला नाही.

हे दोन बघा. एलएसयूएसबीमध्ये डाँगल दिसतं का, आणि दिसलं तर त्याचा आयडी. मग सुदो मॉडप्रोब आणि ड्रायव्हरचं नाव देऊन काय उत्तर येतं.

तोवर नेट हवं असेल तर फोन यूएसबी केबलने लावून टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो तारेच्या नेटसारखा दिसतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. ड्रायव्हर उतरवायला नेट नाही आणि नेटला ड्रायव्हर नाही, हा तिढा त्याने सुटतो.

निळीशाई

टेदरिंग चाललं, फार आभार! एलएसयूएसबीमध्ये दिसतंय, आयडी ०बीडीएने सुरू होतो. मॉडप्रोबचं उत्तर: 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

आडवाट

मग उलगडलं. डीकेएमएसने नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधलाय, पण लॅपटॉपवर सिक्युअर बूट (फक्त ओळखीची सही असलेलंच चालू देणारी सुरक्षा) चालू आहे आणि त्या ड्रायव्हरवरची सही फर्मवेअरच्या ओळखीची नाही, म्हणून कर्नल तो आत घेत नाही. मोकयुटिल --एसबी-स्टेट दिलंत तर 'एनेबल्ड' येईल.

सही करायची किल्ली डीकेएमएसकडे असते. ती मोकयुटिल --इम्पोर्टने नोंदवा. एक तात्पुरता पासवर्ड मागेल, तो लक्षात ठेवा. मग रीबूट. आता लक्ष द्या: चालू होताना निळा पडदा येतो आणि कुठलीही कळ दाबायला फक्त १० सेकंद देतो. तेवढ्यात कळ दाबून 'एनरोल मोक' (मोक म्हणजे मालकाने नोंदवलेली किल्ली) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. दहा सेकंद निसटली तर मशीन मुकाट्याने पुढे जातं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. त्या वेळी चहापाण्याला उठू नका.

पण त्याआधी आणखी एक. ०बीडीए हा रिअलटेकचा क्रमांक आहे. कर्नल ६.२ पासून त्यांच्या काही यूएसबी चिप कर्नलमधल्याच आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हरवर चालतात. तुमची चिप त्यांत असेल तर बाहेरून आणलेल्या ड्रायव्हरची गरजच उरत नाही, आणि दर कर्नल अपडेटला धाकधूकही नाही. डीकेएमएसमधून जुना ड्रायव्हर काढा, डाँगल उपसून परत लावा, डीमेसेजच्या शेवटच्या वीस ओळी बघा. माझं स्पष्ट मत आहे, जे कर्नलच्या पोटात आहे ते बाहेरून आणू नये.

कोरीपाटी

सुतारपक्षी, यादीत आयडब्ल्यूडी आहे. रनिंग.

आता आठवलं. लॅपटॉप झोपेतून उठला की वायफाय जोडायला वीस-पंचवीस सेकंद लावायचा. आयडब्ल्यूडीने ते झटपट होतं असं वाचलं होतं. पॅकेज टाकलं, सेवा सुरू केली, आयडब्ल्यूसीटीएलने घरच्या नेटवर्कला एकदा जोडूनही पाहिलं. नंतर विसरून गेलो. त्रास नेमका त्याच सुमारास सुरू झाला, पण मी दोन्हीचा संबंध लावला नाही, कारण त्या दिवशी सगळं नीट चाललं होतं.

सुतारपक्षी

बसली कडी.

आयडब्ल्यूडी आणि डब्ल्यूपीए_सप्लिकंट हे एकच काम करणारे दोन प्रोग्राम आहेत: नेटवर्क शोधायची, पासवर्डची ओळख पटवायची, गुप्तसंदेशाच्या किल्ल्या कार्डात बसवायच्या. दोन्ही चांगले आहेत. एका वेळी एकच हवा. नेटवर्कमॅनेजर तुमच्याकडे सप्लिकंटकरवी काम करतो, त्याला आयडब्ल्यूडीचा पत्ताही नाही. तुम्ही आयडब्ल्यूसीटीएलने एकदा जोडलंत तेव्हा आयडब्ल्यूडीने ते नेटवर्क स्वतःच्या वहीत टिपून ठेवलं. व्हार-लिब-आयडब्ल्यूडी या फोल्डरमध्ये नेटवर्कच्या नावाची, शेवटी .पीएसके असलेली फाइल असेल, बघा. ओळखीचं नेटवर्क दिसलं की तो आपणहून जोडायला जातो. त्याने जोडायला घेतलं की सप्लिकंटचा धागा तुटतो. सप्लिकंट पुन्हा जोडतो, मग याची किल्ली त्याच्या किल्लीवर. अशा ओढाताणीत कार्ड 'जोडलेलं' म्हणून दिसतं आणि तरी एकही पाकीट पलीकडे पोहोचत नाही. पत्ता शाबूत आणि राउटर अनरीचेबल, हे तुम्ही पाहिलंत ते यामुळे. बंद-चालू केल्यावर जो आधी पोहोचेल त्याचं राज्य, पुढच्या खटक्यापर्यंत.

खात्री करायची तर ११:४२:०७ च्या आसपासचा आयडब्ल्यूडीचा लॉग काढा, जर्नलसीटीएल -बी -यू आयडब्ल्यूडी. स्टेट बदलून 'कनेक्टिंग' झाल्याची ओळ त्याच सेकंदाला असेल असं मला वाटतं.

उपाय दोन आहेत, कुठलाही एक घ्या.

सोपा: आयडब्ल्यूडी काढून टाका. नुसतं सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ पुरत नाही, कारण दुसऱ्या प्रोग्रामने हाक मारली की तो डी-बसवरून (प्रोग्रामांमधल्या निरोपांच्या वाटेने) पुन्हा उठू शकतो. पॅकेजच काढा.

दुसरा: आयडब्ल्यूडीच ठेवायचा असेल तर नेटवर्कमॅनेजरला तसं सांगा. ईटीसी-नेटवर्कमॅनेजर-कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये एक फाइल करून तिच्यात [डिव्हाइस] या मथळ्याखाली वायफाय.बॅकएंड=आयडब्ल्यूडी लिहा, आणि डब्ल्यूपीए_सप्लिकंट मास्क करा (म्हणजे तो कोणाच्याच हाकेला उठणार नाही). मग एकच धनी उरतो.

तुमच्या जागी मी पहिला घेईन. उद्या कॉल असताना नवीन काही शिकायची वेळ नसते.

कोरीपाटी

आयडब्ल्यूडीचा लॉग काढला. ११:४२:०७. त्याच सेकंदाला, 'न्यू: कनेक्टिंग'. ती ओळ बघून मी खुर्चीत मागे टेकलो. तीन आठवडे मी राउटरवर रागावलेलो होतो.

पॅकेज काढलं, रीबूट केलं. दोन दिवस झाले, एकदाही तुटलेलं नाही. लॉगमध्ये डिस्कनेक्टेडची एकच ओळ, तीही मी लॅपटॉप झोपवला तेव्हाची.

एक गोष्ट मात्र उरलीय. कॉलमध्ये समोरच्याचा आवाज अधूनमधून तुटक येतो. नेट जात नाही, नुसता आवाज अडखळतो. राउटरला पिंग लावून ठेवलं तर आकडे असे: ३, ४, ९८, ३, १८७, ५, १०३, २०४ मिलिसेकंद. घरातल्या राउटरला दोनशे मिलिसेकंद?

आडवाट

आता माझा नंबर! हे पॉवर सेव्हच.

ते आकडे योगायोगाने आलेले नाहीत. पॉवर सेव्ह चालू असलं की कार्ड राउटरला 'मी डुलकी काढतोय' असं कळवून रेडिओ बंद करतं. त्याच्यासाठी आलेली पाकिटं राउटर राखून ठेवतो. राउटर ठरावीक अंतराने आपल्या अस्तित्वाची हाळी देतो, बीकन म्हणतात तिला, आणि त्या हाळीत 'तुझ्यासाठी काही ठेवलंय' अशी खूण असते. कार्ड तेवढ्यापुरतं जागं होऊन ती ऐकतं. बहुतेक राउटरवर दोन हाळ्यांमधलं अंतर १०२.४ मिलिसेकंद असतं. तुमचे ९८, १०३, १८७, २०४ बघा, साधारण एक हाळी किंवा दोन हाळ्या. पान उघडताना हे जाणवतही नाही, कॉलमध्ये लगेच कानाला कळतं.

तुमची आज्ञा टिकली नाही त्याचं कारण असं: आयडब्ल्यूने बंद केलेलं पॉवर सेव्ह त्या जोडणीपुरतंच राहतं. नेटवर्कमॅनेजर पुन्हा जोडताना स्वतःचं म्हणणं लागू करतो, आणि तुमचं तर दर पाऊण तासाला पुन्हा जोडलं जात होतं. काही वितरणांत ईटीसी-नेटवर्कमॅनेजर-कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ नावाची फाइल आधीपासून असते आणि तिच्यात वायफाय.पॉवरसेव्ह = ३ लिहिलेलं असतं. ३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. पुष्कळ जण तिथे ० लिहितात आणि बंद झालं समजतात, पण ० म्हणजे 'जे ठरलेलं असेल ते'.

३ चा २ करा, नेटवर्कमॅनेजर रीस्टार्ट करा, पुन्हा पिंग लावा. बॅटरी थोडी जास्त खर्च होईल. तुम्ही टेबलावर चार्जर लावून काम करता, तुम्हाला त्याचं ओझं नको.

सुतारपक्षी

आडवाट यांचं अगदी बरोबर. पहिल्याच दिवशी त्यांनी पॉवर सेव्ह म्हटलं होतं आणि ते खरंच चालू होतं. फक्त नेट तुटायचं कारण ते नव्हतं. एकाच लॅपटॉपवर दोन दुखणी असली की एकाचा उपाय करून फरक पडत नाही, आणि आपण तो उपायच चुकीचा ठरवून टाकतो. कोरीपाटी, तुमचं नेमकं तेच झालं.

आता ते ५४.०. तुम्ही मॉडप्रोबमध्ये ११एन_डिसेबल=१ टाकलंय. त्याने ८०२.११एन आणि त्याच्यावर उभी असलेली पुढची सगळी मानकं बंद होतात, आणि कार्ड जुन्या ए-जी काळात जातं. तिथली कमाल मर्यादा ५४ मेगाबिट. -५१ सिग्नलला ५४.० दिसलं तेव्हाच खटकलं होतं. जुन्या काळी काही कार्डांवर तो उपाय लागू पडायचा म्हणून अजून सगळीकडे फिरतो. ती ओळ काढा आणि रीबूट करा. डीएनएसही हाताने बदललेला असेल तर पूर्ववत करा. उपाय लागू पडला नाही तर तो लगेच मागे घ्यायचा, हे फार जपा. नाहीतर सहा महिन्यांनी त्याच ओळीपायी नवीन प्रश्न घेऊन बसाल.

रातकिडा

थोडं वेगळं विचारतो. नवा राउटर आणलाय, त्याची दोन नेटवर्कं आहेत. २.४ गिगाहर्ट्झचं लॅपटॉपला दिसतं, ५ चं दिसतच नाही. फोनला दोन्ही दिसतात. कार्ड ५ वालं आहे, जुन्या राउटरवर ५ च वापरत होतो.

सुतारपक्षी

राउटरच्या पानावर ५ गिगाहर्ट्झचा चॅनल कुठला आहे ते बघा, आणि लॅपटॉपवर आयडब्ल्यू रेग गेट द्या.

त्यात 'कंट्री ००' आलं तर लॅपटॉपला आपण कुठल्या देशात आहोत तेच ठाऊक नाही. मग तो सगळ्या देशांत चालेल असा सगळ्यात सावध नियम लावतो आणि पुष्कळ चॅनलांवर स्वतःहून काही बोलत नाही, नुसतं ऐकतो. आयडब्ल्यू रेग सेट आणि आपल्या देशाची दोन अक्षरं दिली की फरक कळतो. इंटेलच्या कार्डांवर मात्र देश बहुतेक फर्मवेअरच ठरवतं, तिथे ही आज्ञा चालली नाही तर नवल नाही.

आयडब्ल्यू लिस्टच्या लांबलचक यादीत तुमच्या चॅनलपुढे 'डिसेबल्ड' किंवा 'नो आयआर' (स्वतःहून बोलायला मनाई) किंवा 'रडार डिटेक्शन' लिहिलंय का तेही बघा. ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. त्यांवर राउटरला सुरू होण्याआधी निदान ६० सेकंद रडार ऐकू येतं का ते बघावं लागतं, आणि आलं तर चॅनल सोडावा लागतो. राउटर नुकताच चालू केला असेल तर मिनिटभर ५ चं नेटवर्क कोणालाच दिसत नाही. पण तुमच्या फोनला दिसतंय, तेव्हा मला देशाचाच संशय आहे. सगळ्यात साधा प्रयोग: राउटरवर चॅनल 'ऑटो' न ठेवता ३६ करा.

रातकिडा

कंट्री ०० होतं. चॅनल १०० होता. ३६ केल्याबरोबर दिसायला लागलं. देश बसवून बघतो, मग परत १०० करून पाहीन. मनापासून आभार.

निळीशाई

बाहेरचा ड्रायव्हर काढला, डाँगल परत लावलं, आणि आरटीडब्ल्यू८८ ने आपणहून उचललं! निळा पडदा बघायची वेळच आली नाही. आरएफकिल लिस्टमध्ये आता वायफायची ओळ आहे, दोन्ही 'नो'. आडवाट, आभार.

कोरीपाटी

११एन_डिसेबलची ओळ काढली, पॉवरसेव्ह २ केलं, डीएनएस राउटरवर परत सोपवला. मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये मी टाकलेली आणखी एक फाइल सापडली, ती कशासाठी टाकली ते मलाच आठवेना. तीही काढली. रीबूट.

आयडब्ल्यू लिंक आता म्हणतं: टीएक्स बिटरेट ६५०.० मेगाबिट. पिंग ३, २, ३, ४, ३, दहा मिनिटं लावून ठेवलं तरी दहाच्या वर गेलं नाही. आज दीड तासाचा कॉल झाला, एकदाही 'ऐकू येतंय का' म्हणावं लागलं नाही.

झोपेतून उठल्यावर जोडायला अजूनही वीस सेकंद लागतात. मूळ प्रश्न तोच होता. उठल्यावरच्या पहिल्या मिनिटाचा लॉग आज रात्री काढतो आणि उद्या इथेच टाकतो. तोपर्यंत कशालाही हात लावणार नाही.

सुतारपक्षी

टाका. उठल्यावर 'स्कॅनिंग' आणि 'ऑथेंटिकेटिंग' या दोन ओळींमध्ये किती सेकंद जातात तेवढं मोजून ठेवा. सुरुवात तिथून करू.